घारआबांचे विमान सुखरूप उतरले, त्याची हकीकत

श्री मारुती प्रसन्न. जन्मताच जो सूर्याकडे झेपावला, उडणाऱ्यांचा जो आद्य देव, तयास प्रथम दंडवत. मागाहून सरस्वतीस, की लिहिता लिहिता हात थरथरू नये. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, वार शनिवार, दोन प्रहर टळले असता जे वर्तमान घडले, ते आबासाहेबांचे आज्ञेवरून लिहिले असे. संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु त्या दिवशी क्रोध कैसा विझला ते पुढे येईल. आबासाहेबीं आज्ञा केली की, "त्या दिवसाचं मला काही म्हणता काही आठवत नाही. तुम्ही सगळे तिथं होता. कुणीतरी एकानं नीट, पहिल्यापासून लिहून द्या." म्हणोन सेवकाने जैसे पाहिले व जैसे ऐकिले तैसे, पदरचे न घालिता लिहिले. सेवक लढवय्या बेताचाच, त्याचे नाव कळोन कोणाचे काही अडत नाही, म्हणोन लिहिले नाही.

तरी आधी राज्याचे वर्णन. हे राज्य भूमीवर नाही, संगणकाचे पडद्यात आहे. विकणाऱ्यांनी तयास काही नाव दिधले होते, परंतु आम्ही त्यास नुसते राज्य म्हणत असू. ऐंशी वर्षांमागे महायुद्धात नाकास पंखा लाविलेली जी लढाऊ विमाने उडाली, ती हुबेहूब या राज्यात करोन ठेविली आहेत आणि ज्याचे घरी संगणक, पुढ्यात विमान वळविण्याची काठी, डावे हाती इंजिनाचा दांडा, पायांखाली शेपटी वळविण्याच्या दोन पट्ट्या आणि कानास हेडफोन, तो या राज्याचा शिलेदार. मग तो अकोटास असो की बेळगावास, सारे एकाच आभाळी उडती आणि हेडफोनातून एकमेकांशी बोलती. राज्यात फौजा दोन, एक निळी व एक तांबडी, आणि दर शनिवारी दोहोंची लढाई होत असे. विमान पडले तरी मनुष्य मरत नाही, दुसरे विमान घेवोन पुन्हा चढतो, परंतु पडल्याचे दुःख मात्र खरे होते, आणि जिंकल्याचा आनंदही खरा होता, आणि याच कारणे भांडणेही खरी होत. निळ्या फौजेचे सरनौबत आबासाहेब. राज्यात त्यांचे नाव घार, आणि वयाने सर्वांत वडील म्हणोन सारे त्यांस घारआबा म्हणत. त्यांचे खरे नाव काय, गाव कोणते, पूर्वी काय करीत होते, हे कोणास ठाऊक नव्हते आणि कोणी पुसलेही नव्हते, कारण त्या राज्याची रीतच तैसी. ठाऊक इतुकेच की आबा एकटे राहतात, आणि त्यांचे विमान जैसे सरळ उडे तैसे दुसऱ्या कोणाचे उडत नसे, जणू आभाळात रूळ टाकिले आहेत. आणि आबा बोलू लागले की त्यांचे आवाजामागे, दूर, कोणी तारा छेडून स्वर लावीत असल्याचा नाद येई. कधी खालचा षड्ज, कधी पंचम, पुन्हा पुन्हा तोच. नवा शिलेदार आला की पुसे, "आबा, गाणं शिकता काय?" आणि आबा म्हणत, "मी नाही रे, खाली दुकान आहे. तंबोरे करतात." आणि एकदा म्हणाले होते की, "आज मान अवघडली. खुर्ची सरकवायला जागा नाही, सज्जाभर भोपळे वाळत घातलेत," त्यावर सारी फौज पोट धरधरोन हसली होती.

आबांचे डावे बाजूस नेहमी टिटवी उडे. टिटवी हे तिचे राज्यातील नाव. खरे नाव शालिनी गावंडे, वऱ्हाडात अकोटास राहणारी, शिवणाचे वर्ग चालविणारी, वय चाळिशी उलटलेले. तिने उडणे आबांपासून शिकले. आरंभी तिचे विमान धावपट्टीवरच उलथे, आणि बाकीचे हसत, तेव्हा आबा म्हणत, "हसू नका, मीही असाच उलथलो होतो," आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सांगत. मग ती ऐसी तयार जाहली की आबांचे पंखास पंख लावोन मेघातून जाई आणि अंतर तसूभर ढळत नसे. तांबड्या फौजेचा सरदार हेरंब सोनटक्के, नाशिकचा, लग्नामुंजीची छायाचित्रे काढणारा, वयाने तिशीचा, जिभेने तिखट. राज्यात त्याचे नाव ससाणा. उडण्यात दोहों फौजांत आबांचे तोडीचा तोच एक. दोघांचे वैर जाहले त्याचे कारण ऐसे की, मागे एका लढाईत आमचा एक गडी जळत्या विमानातून छत्री घेवोन उतरत असता ससाण्याने त्या छत्रीवर गोळ्या सोडिल्या. आबांस ते मोठे लागले. सर्वांदेखत म्हणाले, "हा सरदार नव्हे, दरोडेखोर आहे." हेरंब म्हणाला, "खेळ आहे हा, आबा. छत्रीत खरा माणूस नसतो." आबा म्हणाले, "तुला नसेल दिसत." त्या दिवसापासोन दोघांचे बोलणे बंद, आणि हेरंबाने आपले फौजेत बोलोन ठेविले की, मोसमाचे शेवटले लढाईत घारीस मी स्वहस्ते पाडीन, दुसऱ्या कोणी हात लाविता कामा नये.

ती शेवटली लढाई तो हा शनिवार. निळ्या फौजेने बाँबफेकी विमाने नदीवरील पुलापर्यंत सुखरूप पोचवावी व तांबड्यांनी त्यांस अडवावे, ऐसा त्या दिवशीचा मसलतीचा मजकूर होता. ज्याची सरशी त्याचा मोसम. दोन्हीकडे वीस-बावीस विमाने सजली. आबांनी नेहमीप्रमाणे सर्वांस विचारिले, "पाणी प्यायलात का? मग चला," आणि फौज उडाली. नदीचे दिशेने कूच जाहले, आभाळ निरभ्र, खाली शेते, आणि आबांचे मागोन तारांचा तोच नाद येत होता. ऐसे थोडे अंतर गेले असता टिटवीने पाहिले की आबांचे विमान आपणापासोन दूर जात आहे. प्रथम तिला वाटले आपणच मागे राहिलो, म्हणोन ती जवळ गेली, तो पुन्हा विमान उजवीकडे घसरले. ती म्हणाली, "आबा, उजवीकडे चालले तुमी." आबा म्हणाले, "नाही... सरळच आहे." परंतु शब्द जड आला, जणू तोंडात काही धरिले आहे. एक गडी हसोन म्हणाला, "आबांच्या तोंडात आज विडा दिसतो." दुसरा म्हणाला, "जेवण जास्त झालं वाटतं." विमान पुन्हा घसरले, मग सावरले, मग आणखी घसरले. ज्या विमानास आम्ही कधी डुलताना पाहिले नव्हते, ते दोर तुटल्या पतंगासारिखे जाऊ लागले. टिटवी हसली नाही. ती म्हणाली, "आबा, आयका माह्यं. डावा हात वर करा बरं." काही वेळ नुसता तारांचा नाद आला. मग आबा शांतपणे म्हणाले, "डावा... डावा येत नाही गं."

तेव्हा टिटवी म्हणाली, "हासू नका रे कोणी. माह्या मायले असंच झालं होतं. भाकर करता करता तोंड वाकडं झालं, शब्द जड झाले, आन् आमी म्हटलं, थकली असन. थकली नव्हती ते. लकवा होता. दवाखान्यात न्यायले उशीर झाला आमाले. आता उशीर नाई होऊ द्याचा." सरनौबत पडले तर पुढे कोण, हे आमचे फौजेत कधी ठरले नव्हते, परंतु त्या घडीपासोन टिटवी बोलली आणि सर्वांनी ऐकिले, कोणी पुसले नाही की तुला अधिकार कोणी दिधला. तिने विचारिले, "आबा, गाव कोणतं तुमचं? घर कुठं हाय?" आबा म्हणाले, "गाडी सुटायची वेळ झाली... माझा झेंडा कुठं ठेवला... हिरवा..." त्यावरोन आम्हांस प्रथम कळले की आबा पूर्वी आगगाडीवर गार्ड होते, परंतु गाव काही कळेना. तिने पुन्हा पुसले, पुन्हा तेच, झेंडा आणि शिट्टी. एक गडी रडकुंडीस येवोन म्हणाला, "अरे, आपल्याला त्यांचं नावसुद्धा माहीत नाही!" आणि ते खरे होते. इतुके दिवस ज्यांचे पाठीमागे आम्ही अग्नीत शिरत होतो, त्यांचे दार ठोठवावयाचे तर कोणत्या गावी जावे, हे आम्हांस ठाऊक नव्हते. मग सेवकास एकाएकी ते मागील बोलणे आठवले आणि सेवक म्हणाला, "भोपळे! खाली तंबोरे करतात, सज्जात भोपळे वाळतात. मिरज! मिरज असणार, दुसरं कुठं इतकी दुकानं आहेत?" बेळगावचा गडी म्हणाला, "मिरजच. मी पाहिली आहे ती गल्ली." टिटवी म्हणाली, "मग वाट काऊन पाहता? लावा फोन. एकेका दुकानाले लावा. मी आबांजवळ हाय."

सेवकाने आपले विमान तसेच आभाळी सोडिले, ते मागाहून कोठे पडले ते पाहिले नाही, आणि मोबाईल हाती घेवोन मिरजेचे तंतुवाद्यांचे दुकानांचे क्रमांक शोधिले. पहिल्याने सांगितले, "आमच्या वरती कोणी राहत नाही, गोदाम आहे." दुसऱ्याने उचललाच नाही. तिसऱ्याने उचलिला, आणि फोनातून तोच नाद आला, तोच षड्ज, जो दुसरे कानी हेडफोनात आबांचे मागे वाजत होता. एकच तार दोन्ही कानी. सेवक ओरडला, "तुमच्या वर कोणी वयस्कर गृहस्थ राहतात का? एकटे? गार्ड होते?" पलीकडील मनुष्य म्हणाला, "ओतारीकाका? विमानवाले? हां, राहतात की. दुपारी आमच्या डोक्यावर घरघर चालू असते त्यांची. काय झालं?" तो मुनीर सितारमेकर, त्या दुकानाचा मालक. सेवक म्हणाला, "त्यांना लकवा आलाय. आत्ता. वर जा, पडू देऊ नका त्यांना, दवाखान्यात न्या." मुनीर म्हणाला, "तुम्ही कोण?" सेवक म्हणाला, "आम्ही त्यांच्याबरोबर विमानं उडवतो." दुसरा कोणी असता तर थट्टा समजोन फोन ठेविता. मुनीरने ठेविला नाही. "दाराला कडी नसते," इतुके म्हणोन तो उठला. ती कडी नसावयाचे कारण हेच की, दुकानाची माणसे सज्जातील भोपळे उलटेपालटे करावयास दिवसभर वर-खाली करीत, आणि आबांनी कधी त्यांस दार ठोठावू दिले नाही.

हे फोन चालू असता इकडे आभाळी काय जाहले ते ऐका. टिटवीने आमचे एका गड्यास सांगोन, दोन्ही फौजा वाचतील ऐसी जी चॅटची जागा पडद्याचे कोपऱ्यात असते तेथे लिहविले की, घारआबा खरोखर आजारी आहेत, हात चालत नाही, कोणी गोळी सोडू नये. तांबडी फौज त्या समयी सूर्याचे आड उंच टपून होती. त्यांनी ते वाचिले आणि त्यांत दोन तट पडले. काही म्हणाले, हा निळ्यांचा डाव आहे, पूल जवळ आला म्हणोन सोंग काढिले. हेरंब म्हणाला, "थांबा, मी बघून येतो," आणि सूर्यातून एकटाच खाली आला. आमचे जे गडी होते त्यांस वाटले आता हा घाव घालणार, परंतु आबांस सोडोन जाता येईना. हेरंबाने विमान आबांचे मागे आणिले. नेमका तोच मोका, ज्यासाठी त्याने सारा मोसम वाट पाहिली. बोट घोड्यावर. आणि त्याने पाहिले की ज्या विमानाचा त्याने इतुका पाठलाग केला, ते पंख झुकवोन, नाक वाकडे करोन, आंधळ्यासारिखे चालले आहे. मग तो आमचे बोलण्याचे वाटेवर आला आणि म्हणाला, "मी हेरंब. खरं आहे का हे?" टिटवी म्हणाली, "खरं हाय, बापा. तुले मारायचं असन त मार. पण विमान पडलं त आबा खुर्चीवरून उठतीन, आन् उठले त पडतीन. फोन लावणं चालू हाय. तोवर त्यायले बसवून ठेवाचं हाय मले." हेरंबास आबांचा श्वास ऐकू येत होता, आणि मध्येच, "झेंडा... झेंडा..." ऐसे पुटपुटणे. मग त्याने आपले फौजेस हुकूम केला तो सर्वांनी ऐकिला. म्हणाला, "त्या विमानात माणूस आहे. कोणीही गोळी झाडायची नाही. सगळे खाली या, आबांच्या दोन्ही बाजूंना लागा."

मग आजवर या राज्यात कोणी पाहिले नाही ऐसे दृश्य जाहले. तांबडी विमाने उंचावरोन उतरली आणि निळ्यांचे शेजारी लागली, आणि मध्ये आबांचे एक डगमगते विमान, आणि सारा लवाजमा त्याचे गतीने हळूहळू नदीवरोन मागे फिरला. बाँबफेके पुलावर न जाता तेही मागे वळले. परंतु तांबड्यांत एक नवा शिपाई होता, त्याने चॅट वाचिले नव्हते व हेडफोनही सैल केला होता. तयाने वरोन पाहिले की निळा सरनौबत हाताशी आहे आणि कोणीच मारीत नाही, तेव्हा त्याने आनंदाने झेप घेतली. हेरंबाने त्यास दोनदा हाक मारिली, "अरे थांब! थांब!" परंतु तो ऐकेना. मग हेरंबाने आपले विमान उचलिले आणि आबांचे व त्या शिपायाचे मध्ये आडवे घातले. साऱ्या गोळ्या त्याचे इंजिनात गेल्या. धुराचा लोट निघाला. हेरंब म्हणाला, "मला लागलं. तुमचं चालू द्या," आणि मोसमात जो एकदाही पडला नव्हता तो आपल्याच माणसाचे हातोन पडला. तेव्हा त्या शिपायास उमजले. तो बापडा वारंवार म्हणू लागला, "मला माहीत नव्हतं हो, खरंच माहीत नव्हतं," आणि टिटवी म्हणाली, "मालूम हाय, बेटा. आता ये आन् आबांच्या मागं राय."

आता विमान उतरवावयाचे. आबांचा डावा हात लुळा, म्हणोन इंजिनाचा दांडा मागे घेववेना. डावा पाय लुळा, म्हणोन उजवाच दाबला जाई आणि विमान उजवीकडे जाई. टिटवीने ज्या आबांपासोन उतरणे शिकिले, त्यांस ती आता उतरणे सांगू लागली, आणि आवाज ऐसा ठेविला की जणू शिवणाचे वर्गात कोणास टाका दाखवीत आहे. म्हणाली, "आबा, उजवा पाय उचला. हं, ठेवू नका आता. सरळ झालं पाहा." आबा म्हणाले, "सरळ..." ती म्हणाली, "शाबास. धावपट्टी समोर हाय. आता उजव्या हातानं इंजिन बंद करा. बटण दाबा, आन् मंग काठी धरा." आबांनी बटण दाबिले. पंखा थांबला. इंजिनाची घरघर निमाली आणि एकदम ऐसी शांतता जाहली की मागील तार स्पष्ट ऐकू येऊ लागली, आणि त्याच क्षणी तीही तार थांबली. इतुक्या दिवसांत आबांचे मागचा तो नाद कधी थांबला नव्हता. सारी फौज कान देवोन ऐकू लागली. जिन्यावर पावले वाजली. मग दार ढकलिल्याचा आवाज, आणि मुनीरची हाक, "काका! ओ काका!" सेवकाचे एका कानी ती फोनातून आली व दुसरे कानी हेडफोनातून. आबा म्हणाले, "थांब मुनीर... उतरतंय." मुनीर मागाहून सांगत होता की, काकांचे तोंड वाकडे झालेले, डावा हात मांडीवर पडलेला, परंतु उजवे हाती काठी ऐसी घट्ट की सोडवेना, आणि डोळे पडद्यावर. तेव्हा तो खुर्चीमागे उभा राहिला आणि दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरिले. टिटवी म्हणाली, "चाकं नका सोडू, आबा. पोटावर येऊ द्या. थोडं नाक वर... आणखी थोडं... बस." विमान भूमीस टेकले, घासत गेले, धूळ उडाली, एक पंख वाकला आणि ते धावपट्टीचे कडेस गवतात जाऊन थांबले. आबा म्हणाले, "उतरलं गं." मग हेडफोन खाली पडल्याचा आवाज आला आणि पुढे काही ऐकू आले नाही.

मुनीर व त्याचा भाऊ यांनी आबांस खुर्चीसकट उचलोन जिन्यावरोन खाली आणिले, रिक्षात घातले आणि जवळील रुग्णालयात नेले. आभाळी जी विमाने होती ती सारी, निळी व तांबडी, त्याच एका धावपट्टीवर उतरली आणि आबांचे वाकल्या विमानाभोवती उभी राहिली. कोणी संगणक बंद केला नाही. कोणाचे घरी पाहुणे आले होते, कोणास दुकान उघडावयाचे होते, परंतु कोणी उठेना. हेरंब नवे विमान घेवोन आला आणि तोही रांगेत उभा राहिला. कोणी म्हणे, "फोन आला का?" आणि सेवक म्हणे, "नाही अजून." टिटवी इतुका वेळ धीराने बोलत होती, ती आता रडली, आणि वैऱ्याचे फौजेतील एक गृहस्थ, पांढरकवड्याचे, तिला तिच्याच बोलीत समजावू लागले, "होईन बरं ताई, होईन बरं." सायंकाळी मुनीरचा फोन आला. म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, बरं झालं लगेच आणलंत. रक्ताची गाठ विरघळवायचं औषध दिलंय. काकांनी डोळे उघडले. आणि अहो, पहिलं काय विचारलं माहीत आहे? पुलाचं काय झालं?" सेवक म्हणाला, "सांगा, पूल शाबूत आहे." थोड्या वेळाने मुनीर म्हणाला, "सांगितलं. काका म्हणतात, म्हणजे हरलो." तेव्हा दोन्ही फौजा एकदम हसल्या आणि हसता हसता पुष्कळांनी डोळे पुसिले.

पुढे मोसम कोणाचा, याचा तंटा उभा राहिला, आणि तो तंटा ऐसा विलक्षण की दोन्ही फौजा म्हणू लागल्या, आम्ही हरलो. निळे म्हणाले, आम्ही पुलावर गेलोच नाही, सबब मोसम तुमचा. तांबडे म्हणाले, आमचा सरदार पडला, तोही आमच्याच गोळीने, सबब मोसम तुमचा. राज्याचे कारभारी मंडळींस निवाडा करिता येईना. शेवटी त्यांनी विजेत्यांचे यादीत त्या मोसमाचे जागी काहीच न लिहिता कोरे ठेविले, आणि उभय पक्ष त्यात संतुष्ट जाहले.

आबांचे चिरंजीव श्रीपाद सुरतेस असत, ते दुसरे दिवशी पोचले. आबा मासभर अंथरुणी होते. पाय आधी आला, हात मागाहून. व्यायाम शिकविणारी बाई येई ती मूठ वळावयास रबरी चेंडू देई, परंतु आबांस त्याचा कंटाळा येई. तेव्हा मुनीरने एक जुना तंबोरा वर आणोन दिधला आणि म्हणाला, "काका, डाव्या हातानं ही खुंटी पिरगाळा. सूर खाली आला की मला खालून कळेल, मग मी ओरडेन." आणि तो खरोखर दुकानातोन ओरडे, "काका, उतरला!" आणि आबा पुन्हा खुंटी पिरगाळीत. टिटवी रोज फोन करी. हेरंबही करू लागला. पहिले दिवशी तो म्हणाला, "आबा, त्या छत्रीचं..." आणि आबा म्हणाले, "अरे, तू माझ्यासाठी आडवा आलास म्हणे. मग आता छत्रीचं काय बोलायचं? जेवलास का?" ऐसे करोन ते वैर तेथेच संपले, त्याचा पुढे कोणी उच्चार केला नाही.

मग चैत्र मास येवोन शके १९४७ लागले, तेव्हा दोन्ही फौजांनी मिरजेस जावोन आबांचे दर्शन घ्यावे ऐसे ठरले. ज्यांना जमले ते आले. मुनीरचे दुकानापुढे मंडळी जमली, परंतु कोणी कोणास ओळखेना. सारे अनोळखी चेहरे, अवघडून उभे. मग कोणी म्हणाला, "रस्ता सापडला ना?" आणि आवाज ऐकताच दुसरा ओरडला, "अरे, तू तर बेळगाव!" आणि मग जो तो डोळे मिटून बोलू लागला व ओळख पटू लागली. अकोटाहून शालिनीताई रात्रीचा प्रवास करोन आल्या होत्या, लहानखुऱ्या, खांद्यास पिशवी. त्या "हाय का कोणी माह्या ओळखीचं?" म्हणाल्या आणि सारी गल्ली उसळली. हेरंब उंचनिंच, गळ्यात कॅमेरा, परंतु त्याने त्या दिवशी छायाचित्र काढिले नाही, विसरला. इतुक्यात आबा जिना उतरू लागले. श्रीपाद हात देऊ गेले तो त्यांनी नको म्हटले. डावा पाय किंचित ओढत, कठड्यास धरोन, एकेक पायरी थांबत उतरले. आम्ही ज्यांस मनात मोठे धिप्पाड कल्पिले होते, ते किरकोळ, पांढऱ्या मिशांचे, स्वच्छ धुतल्या सदऱ्यातील गृहस्थ. भालचंद्र ओतारी त्यांचे नाव. खाली येवोन त्यांनी एकेकाकडे नीट पाहिले.

मुनीरचे घरोन चहा आला. ताटात कप मांडिले होते. कोणी ते वाटावयास पुढे होऊ लागला, तो आबांनी खुणेने थांबविले. उजवा हात त्यांनी पाठीमागे नेला आणि डावा पुढे केला. बोटे कपाचे कानाशी गेली, घसरली, पुन्हा गेली आणि धरिली. कप थरथरला, बशीत थोडा सांडला, आणि सारी मंडळी दुसरीकडे पाहू लागली, कोणी भिंतीवरील सतारी, कोणी आपल्या चपला. आबा तो कप घेवोन शालिनीताईंपुढे गेले. त्या उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी कप घेतला. आबा म्हणाले, "गरम आहे. सांभाळून." मग वळले आणि दुसरा कप त्याच हाताने उचलिला, आणि तो हेरंबास दिधला, आणि तिसरा त्या नव्या शिपायास, आणि ऐसे करीत, कोणास मदत करू न देता, साऱ्यांस चहा दिधला. शेवटल्या माणसापर्यंत पहिल्याचा चहा निवला होता, परंतु कोणी तोवर ओठास लाविला नाही.

येणेप्रमाणे वर्तमान. लढाई लिहिणारे कोण पडले, कोणी किती मारिले, हे लिहितात. सेवकास येथे न मारणारांचे ऋण लिहावयाचे होते. शालिनीताईंचे ऋण, की त्या हसल्या नाहीत. हेरंबाचे, की तो आडवा आला. मुनीरचे, की त्याने अनोळखी माणसाचा फोन ठेविला नाही. आणि दोन्ही फौजांचे, की त्या शनिवारी ज्यांचे बोट घोड्यावर होते त्यांनी ते उचलिले. आबासाहेबांनी हे वाचावे, चुकले असेल तेथे क्षमा करावी, आणि प्रकृतीस जपावे. बहुत काय लिहावे.